पाचवी गाडी कुठे राहिली?

बालमित्रांनो, रविवारी सकाळी पुण्याहून साताऱ्याकडे किंवा मुंबईहून पुण्याकडे जाताना तुम्ही कधी ही गंमत पाहिली आहे का? आधी लांबून घुर्रर्र असा आवाज येतो. आपण मागे वळून पाहतो तोच एकामागून एक लाल, पिवळ्या, निळ्या, अगदी जमिनीला टेकलेल्या बुटक्या स्पोर्ट्स कार शेजारून सुसाट निघून जातात. हौशी मंडळींचा ताफा असतो तो. शेवटची गाडी दिसेनाशी होईपर्यंत आपण एस.टी.च्या खिडकीला नाक लावून बसतो. आणि कधी कधी काय होतं, पाच-सात किलोमीटर गेल्यावर त्यातलीच एक गाडी रस्त्याच्या कडेला उभी दिसते. झाकण उघडे, आतून वाफा, आणि मालक डोके खाजवत बाजूला!

अशा वेळी मोठी माणसे म्हणतात, "काय बिघडलं असेल हो?" पण आमच्या चौथीतल्या एका मुलाने मला वेगळाच प्रश्न विचारला. तो म्हणाला, "बाई, बाकीच्या गाड्या थांबल्या का?"

मला हा प्रश्न फार आवडला. गाडीचे काय बिघडले ते मेकॅनिक सांगेल. पण बाकीच्या थांबल्या का, हा प्रश्न मोटारींचे ताफे निघू लागले तेव्हापासूनचा आहे. त्यासाठी आपल्याला थेट १९०७ सालात आणि चीनमध्ये जायला हवे. चला तर!

त्या वर्षीच्या जानेवारी महिन्यात पॅरिसच्या 'ल मातँ' नावाच्या वर्तमानपत्राने वाचकांना एक आव्हान दिले. पॅरिस ते पेकिंग एवढा प्रवास मोटारीने करून दाखवायला कुणी तयार आहे का? (पेकिंग म्हणजे आजचे बीजिंग.) लोकांना वाटले, ही थट्टाच आहे. मोटार ही वस्तूच तेव्हा नवी. घोड्यांना बुजवणारी, धूर सोडणारी, दर चार मैलांवर रुसून बसणारी. वाटेत पेट्रोल पंप नाहीत, पूल धड नाहीत, कितीतरी ठिकाणी तर रस्ताच नाही! पण हौसेला मोल नसते. पावसाळ्याचा विचार करून प्रवासाची दिशा उलटी ठरली आणि १० जून १९०७ रोजी पेकिंगमधून पाच गाड्या पॅरिसकडे निघाल्या. अंतर सुमारे पंधरा हजार किलोमीटर. माणसे अकरा.

या पाच गाड्यांची ओळख करून घेऊ. सर्वांत दांडगी होती 'इताला'. तिच्यात सुमारे चाळीस घोड्यांची शक्ती. मालक शिपिओने बोर्गेझे हे इटलीचे राजपुत्र, सोबत एत्तोरे ग्विझार्दी हा हुशार मेकॅनिक आणि लुइजी बार्झिनी हे पत्रकार. दुसरी हॉलंडची 'स्पायकर', तिचा चालक शार्ल गोदार. तिसरी आणि चौथी या जुळ्या बहिणी, फ्रान्सच्या 'द दियाँ-बुताँ'. त्या कोर्मिए आणि कोलिन्याँ हे दोघे चालवत होते. आणि पाचवी? पाचवी गाडी पाहून तुम्ही हसला असता. तिचे नाव 'काँताल'. तिला चाकेच मुळी तीन! पुढे दोन, मागे एक. पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसे आणि त्याच्या पाठीमागे चालक. शक्ती अवघी सहा घोड्यांची. आजच्या आपल्या साध्या स्कूटरलाही याहून थोडी जास्तच असते. ही गाडी चालवत होता ऑगुस्त पाँस, आणि सोबतीला फुको नावाचा मेकॅनिक.

पाँसची एक मुलगी होती. नाव लिली. बाबा पेकिंगहून निघाले तेव्हा ती नऊ वर्षांची होती, म्हणजे तुमच्यातल्या कितीतरी जणांएवढीच.

सुरुवातीला पाचही गाड्या सोबतीने जाणार, अवघड वाटेवर एकमेकांना हात देणार असे ठरले होते. आणि पहिले काही दिवस तसा हात लागतही होता. पेकिंगच्या उत्तरेला डोंगर आहेत. तिथल्या खडकाळ खिंडीतून मोटारी स्वतःच्या बळावर जाईनात, तेव्हा त्यांना दोरखंड बांधून मजुरांनी आणि खेचरांनी वर ओढले. गंमत पाहा, चाळीस घोड्यांची शक्ती असलेल्या गाडीला चार खऱ्या खेचरांपुढे मान तुकवावी लागली!

मग डोंगर संपले आणि पुढे पसरले गोबीचे वाळवंट.

वाळवंट म्हटल्यावर नुसती वाळू डोळ्यांपुढे आणू नका. गोबीत कडक, सपाट मैदानेही आहेत. तिथे इताला अशी धावली की बस्स! वाट दाखवायला फक्त तारायंत्राचे खांब. त्या खांबांच्या रांगेने जायचे, मधेच कुठेतरी एकुलते एक तारघर लागायचे. पाँग-किआँग नावाच्या अशाच एका ठाण्यावर बार्झिनींनी आपल्या वर्तमानपत्रासाठी लांबलचक तार लिहून दिली. तारबाबूंनी कागदावर अनुक्रमांक घातला, एक. बार्झिनींना वाटले, आजची पहिली तार असेल. तसे नव्हते. तारघर उघडून सहा वर्षे झाली होती आणि तिथून कुणी पाठवलेली ही पहिलीच तार होती! तिथे माणसांची ये-जा किती कमी असेल ते यावरून ओळखा.

पेट्रोलचे डबे उंटांवर लादून ठरावीक ठिकाणी आधीच पोचवलेले होते. एका साठ्यापासून दुसऱ्या साठ्यापर्यंत पुरेल एवढे पेट्रोल गाडीत हवे. इतालाच्या टाक्या प्रचंड, तिला काळजी नव्हती. छोट्या गाड्यांना मात्र थेंब थेंब मोजावा लागे.

आता पाँसच्या तीन चाकांचे काय झाले ते समजून घ्या. तुमच्यापैकी खेड्यातल्या मुलांनी बैलगाडीची चाकोरी पाहिली असेल. दोन चाकांनी दोन बाजूंना पडलेले खोल चर आणि मधे उंचवटा. चार चाकी मोटार त्या चाकोरीतून कशीबशी जाते. पण तीन चाकी गाडीचे काय? पुढची दोन चाके चाकोरीत गेली की मागचे एकटे चाक मधल्या उंचवट्यावर धडपडणार! आणि गाडीला ढकलण्याचे सगळे काम त्या एकट्या मागच्याच चाकाकडे. मऊ वाळू आली की ते जागच्या जागी गरगर फिरे आणि खड्डा करून आत रुते. पेट्रोल मात्र जळतच राहायचे. साहजिकच काँताल मागे पडू लागली. आधी थोडी, मग फार, आणि मग ती दिसेनाशीच झाली.

पुढच्या चार गाड्यांपैकी एकही परत फिरली नाही.

मुलांनो, लगेच रागावू नका. मीही पहिल्यांदा वाचले तेव्हा रागावले होते. पण त्यांच्या जागी बसून पाहा. सगळ्यांचेच पेट्रोल मोजके. परत फिरायचे म्हणजे तेवढे पेट्रोल जाळायचे आणि कदाचित आपणच अडकायचे. प्रत्येकाकडे पुढे जाण्याचे चांगले कारण होते. अशी चांगली कारणे चार जणांकडे एकदम असली की पाचवा वाळवंटात एकटा उरतो.

पाँस आणि फुकोची टाकी कोरडी पडली. उन्हाने अंग भाजत होते. जवळचे पाणी संपत आले. त्यांनी पायी जाऊन पाहिले, पण पायी जाऊन जाणार कुठे? दूरवर ना झाड, ना घर. दोघेही तहानेने अर्धमेले झाले. त्यांचे प्राण वाचले ते तिथल्या भटक्या मंगोल लोकांमुळे. मोटार म्हणजे काय हेही ज्यांना ठाऊक नसेल अशा माणसांनी त्यांना पाहिले, उचलले आणि जगवले. स्पर्धा त्यांच्यापुरती तिथेच संपली. काँताल गोबीतच राहिली, ती कायमची. लिलीचे बाबा मात्र घरी परतले.

आणि ऐका, पेट्रोल एकट्या पाँसचे संपले असे नाही. गोदारच्या स्पायकरचेही त्याच वाळवंटात संपले होते! पण ती कुठे उभी आहे हे द दियाँवाल्यांना माहीत होते. त्यामुळे पुढच्या ठाण्यावरून तिच्याकडे पेट्रोल पाठवता आले. उशीर झाला, हाल झाले, पण गाडी पुन्हा चालू लागली. बिघाड दोघांचाही एकच. फरक एवढाच की एक कुठे थांबला आहे हे कुणाला तरी ठाऊक होते आणि दुसऱ्याचे कुणालाच नव्हते.

इतालाही काही सुखात गेली नाही बरं का. मंगोलियात इरो नावाची नदी आडवी आली. पूल नाही. मग ग्विझार्दीने काय केले? त्याने इंजिनातला मॅग्नेटो काढून घेतला आणि गाडीला बैल जुंपले! मॅग्नेटो म्हणजे काय? तुमच्या सायकलच्या डायनामोचा मोठा भाऊ समजा. लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने तो वीज तयार करतो आणि तिची ठिणगी पडली की पेट्रोलची वाफ पेट घेते. त्यात पाणी शिरले की ठिणगी बंद, म्हणजे गाडी बंद. म्हणून तो आधी सुरक्षित काढून ठेवायचा आणि मग गाडी खुशाल बुडवत न्यायची. शहाणपण म्हणतात ते हेच.

पुढे बैकाल सरोवराच्या भागात तर कहरच झाला. एका जुन्या लाकडी पुलावर इताला चढली आणि पूलच कडाकडा मोडला. गाडी मागच्या बाजूने खाली, तोंड आभाळाकडे! त्या प्रसंगाचा फोटो आजही पाहायला मिळतो. जवळच रेल्वेचे काम करणारे कामगार होते. ते ओंडके, दोर घेऊन धावले आणि त्यांनी गाडी वर काढली. ग्विझार्दीने इंजिन चालू करून पाहिले, तर ते चालू! त्यानंतर रस्ता इतका वाईट लागला की परवानगी काढून इताला काही अंतर चक्क आगगाडीच्या रुळांवरून नेली.

रशियात तिच्या चाकाने दगा दिला. तेव्हा मोटारीच्या चाकाचे आरे लाकडी असत. उन्हाने लाकूड सुकते, आकसते आणि तुंब्यात बसवलेले आरे खुळखुळू लागतात. आपल्याकडे उन्हाळ्यात बैलगाडीच्या चाकाची धाव अशीच सैल होते, मग शेतकरीदादा चाकावर पाणी मारतात किंवा ते ओढ्यात ठेवतात. लाकूड फुगले की चाक पुन्हा घट्ट. इतालाच्या चाकालाही पाण्यात भिजवण्याचाच उपाय केला, पण शेवटी ते मोडलेच. मोटारीचे कारखाने हजारो किलोमीटर दूर. तेव्हा वाटेवरच्या एका गावातल्या सुतारदादांनी आपल्या कुऱ्हाडीने नवे आरे घडवून दिले. मोटार त्यांच्या कामाची नव्हती, पण लाकूड आणि चाक ही तर त्यांच्या घरचीच विद्या!

गोदारच्या स्पायकरचा मॅग्नेटो सैबेरियात बिघडला. ते काम सुताराचे नव्हते. गाडी रेल्वेने तोम्स्क शहरात नेली. तिथल्या तंत्रशिक्षण संस्थेत मॅग्नेटो दुरुस्त झाला. मग गोदार जिथे गाडी बंद पडली होती तिथे रेल्वेने परत आला आणि तिथून पुन्हा गाडी चालवत निघाला! मधले अंतर आगगाडीत बसून कापले असे कुणी म्हणायला नको ना.

१० ऑगस्ट १९०७ रोजी इताला पॅरिसला पोचली. पहिली, आणि एकटी. बाकीचे तेव्हा कितीतरी मागे होते. तब्बल वीस दिवसांनी, ३० ऑगस्टला, दोन्ही द दियाँ आणि स्पायकर पॅरिसमध्ये आल्या. इताला आज इटलीतल्या तुरीन शहरात मोटारींच्या संग्रहालयात आहे. सगळी पुस्तके बोर्गेझेंचे कौतुक करतात आणि ते योग्यच आहे. पण मला विचाराल तर पेकिंगपासून पॅरिसपर्यंत एकमेकींची साथ न सोडणाऱ्या त्या दोन छोट्या द दियाँ मला जास्त आवडतात. एकीचे बिघडले की दुसरी थांबलेली.

हा जुना मार्ग हौशी लोकांना अजून खुणावतो. १९९७ साली पेकिंग-पॅरिस असा जुन्या मोटारींचा मोठा ताफा पुन्हा निघाला, आणि तो तिबेट, नेपाळमार्गे आपल्या भारतातूनही गेला. त्यानंतरही असे प्रवास झाले आहेत. पण आता त्यांत एक सुधारणा आहे. मेकॅनिक लोकांची गाडी ताफ्याच्या मागून येते. वाटेत कुणी अडकले असेल तर ती तिथे थांबते.

आम्ही शिक्षक सहलीला हेच करतो, तुमच्या लक्षात आले आहे का? एक बाई पुढे, एक सर मागे. पुढच्या बाईंना रस्ता माहीत हवा. मागच्या सरांना रस्ता माहीत नसला तरी चालतो, पण त्यांना मोजता आले पाहिजे! एकदा गड उतरताना आमची मोजणी सदतीसऐवजी छत्तीस भरली. पाच मिनिटे काळजाचा ठोका चुकला होता. मुलगा चपलेचा तुटलेला अंगठा शिवायला काटा शोधत एका दगडावर निवांत बसला होता. सर मागे होते म्हणून तो सापडला.

स्पोर्ट्स कारच्या ताफ्यात तर ही गोष्ट फारच अवघड. त्या गाड्यांचा वेग जास्त. पुढच्याच्या मागे लागण्याची सवय प्रत्येकाला असते. दोन मिनिटांत ताफा तीन-चार किलोमीटर लांब पसरतो. म्हणून जाणती मंडळी निघण्याआधीच ठरवून ठेवतात, की प्रत्येकाने आरशात आपल्या मागच्या गाडीवर लक्ष ठेवायचे. ती दिसेनाशी झाली की वेग कमी करायचा. तरी येईना तर सुरक्षित जागा पाहून थांबायचे. वळण आले तर मागच्याने आपल्याला वळताना पाहिले याची खात्री करूनच पुढे जायचे. असे प्रत्येकाने केले की मागचा थांबताच निरोप न पाठवताही सगळा ताफा हळूहळू थांबतो. मे महिन्यात काका-मामांच्या तीन गाड्या मिळून कोकणात निघाल्या की हा नियम तुम्ही लागू करून पाहा. मागच्या काचेतून मामांची गाडी मोजायचे काम बाळगोपाळांनी घ्यावे. मोठ्यांना पुढच्या मिसळीची घाई असते!

आता गाडी खरोखरच बंद पडली तर? हा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा. गाडी जमेल तितकी रस्त्याच्या डाव्या कडेला घ्यायची आणि चारही दिवे लुकलुकते ठेवायचे. सगळ्यांनी डावीकडच्या दारानेच उतरायचे. उजवीकडून ट्रक भरधाव येत असतात. उतरून गाडीच्या मागे उभे राहायचे नाही, कडेच्या लोखंडी कठड्यापलीकडे जायचे. कुणी मोठ्या माणसाने लाल त्रिकोण निदान पन्नास मीटर मागे नेऊन ठेवावा. घाटातल्या वळणाच्या तोंडाशी गाडी असेल तर वळणाच्याही मागे. वाफा येत असतील तर रेडिएटरचे झाकण लगेच मुळीच उघडू नये. आतले उकळते पाणी कारंज्यासारखे उडते आणि तोंड, हात भाजतात. आपण कुठे आहोत हे पाहण्यासाठी जवळचा किलोमीटरचा दगड किंवा पाटी वाचून ठेवायची. ते काम मुलांचे! राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर मदत मागता येते आणि कुठल्याही संकटात ११२ आहेच. पण फोनवर पहिला प्रश्न येतो तो हाच, "तुम्ही नेमके कुठे आहात?" तो दगड वाचलेला असला की उत्तर तयार.

आणि ताफ्यातले बाकीचे थांबले तर त्यांनी सगळ्यांनी बिघडलेल्या गाडीभोवती गोळा व्हायचे नाही हं. एक गाडी सोबतीला पुरे. उरलेल्यांनी पुढे मोकळ्या जागी, एखाद्या धाब्यावर वगैरे जाऊन वाट पाहायची. नाहीतर बिघाड एका गाडीचा आणि अपघात सहा गाड्यांना, असे व्हायचे.

तुम्ही विचाराल, "बाई, पाँसचे पुढे काय झाले?" सांगते.

गोबीतून जिवावरचे निभावले, तर माणसाने पुन्हा मोटारीचे नाव काढू नये. पण आठच महिन्यांनी, १२ फेब्रुवारी १९०८ रोजी, न्यूयॉर्क ते पॅरिस अशी याहूनही वेड्यासारखी स्पर्धा सुरू झाली. सहा गाड्या होत्या. त्यातल्या एका छोट्या 'सिझेर-नोदाँ' गाडीत कोण बसले होते, ओळखा पाहू! ऑगुस्त पाँस! या वेळी गाडीला चाके चार होती. आणि गंमत म्हणजे ती शंभर मैलही गेली नाही. मागच्या आसाचा डिफरन्शियल मोडला आणि पाँसची स्पर्धा पुन्हा सर्वांत आधी संपली. पण या वेळी अवतीभोवती गावे होती, बर्फ होते आणि माणसे होती. प्यायला पाणी होते.

छोटी लिली पुढे मोठी गायिका झाली. १९३१ साली तिने न्यूयॉर्कच्या प्रसिद्ध मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिल्यांदा गाणे गायले. बाबांची गाडी ज्या शहरातून सुटून वाटेतच बंद पडली होती, तेच हे शहर.